काळ्या जमिनीवरचे अंगण

यंदाही चैत्र सरता सरता कुंपणालगतच्या मोकळ्या पट्ट्याने तोंड उघडले. प्रथम केसाएवढी रेघ, आठवड्याने बोटाएवढी, आणि आता वैशाखात तिच्यात माझी काठी वीतभर आत जाते. सोलापूरच्या काळ्या जमिनीचा हा दरवर्षीचा जबाब आहे आणि तो ती कोणाच्याही दबावाशिवाय देते. भेगा पडल्या की आमच्या घरातला एक जुना विषयही उघडतो. सहा वर्षांपूर्वी, अशाच उन्हाळ्यात, या अंगणात शहाबादी फरशी बसवली गेली, आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात त्या फरशीवरचे पाणी रस्त्याकडच्या गटारात जायचे सोडून आमच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, आले. ते कोणामुळे आले, याविषयी आमच्या गल्लीत जितकी घरे तितकी मते आहेत. यंदा ती फरशी उखडून नव्याने बसवायचे ठरले आणि काम कोणाला द्यायचे हे त्या मतांवरच ठरणार, असा रंग दिसू लागला. म्हणून ती मते तपासून घेणे मला भाग पडले. ज्याने ती फरशी बसवली, त्या शरणप्पा गवंड्याचे नाव त्या पावसाळ्यापासून या गल्लीत कोणी चांगल्या अर्थाने घेतलेले नव्हते.

मी पस्तीस वर्षे मोजणी खात्यात काढली. शेतांच्या हद्दी कायम करणे हे माझे काम. उजनीच्या काठच्या गावांत उन्हाळ्यात धरणाचे पाणी मागे सरते आणि बुडालेले बांध चिखलातून वर येतात. त्या दिवसांत आम्हांला उसंत नसे. एक बाजू म्हणे, बांध या बाभळीपासून. दुसरी म्हणे, बाभूळ त्या वेळी होतीच कुठे. दोघेही शपथेवर बोलत, आणि खरे सांगायचे तर दोघेही बहुधा खोटे बोलत नसत. माणसाच्या आठवणीतला बांध दरवर्षी थोडा थोडा शेजाऱ्याच्या शेतात सरकतो, एवढे मात्र मी त्या चिखलात उभा राहून शिकलो. जो तो आपल्या बाजूची जमीन वाढवूनच आठवतो. म्हणून ऐकीव गोष्टींचा मला तिटकारा आहे. साखळी टाका, खुंटी ठोका, मग बोला.

आमच्या शेजारचे व्यंकटेश मास्तर यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती बघणारे, होते. तिथल्या कामगारांनी दिलेली ‘मास्तर’ ही पदवी निवृत्तीनंतरही त्यांच्याकडे राहिली आहे. त्यांचे म्हणणे, वाळू खराब होती. “मी त्याच दिवशी म्हटलो होतो की साहेब, वाळूत माती आहे म्हणून,” असे ते सहा वर्षे सांगत आले आहेत. ते त्या दिवशी काहीही म्हणाले नव्हते. वाळू उतरली त्या दिवशी ते मुलीकडे हैदराबादला होते. शिवाय खराब वाळूने सांधे सुटतात, पाण्याची दिशा फिरत नाही. पेव्हर ब्लॉक बसवणारा एक ठेकेदार मागच्या आठवड्यात येऊन गेला. त्याने अंगणाकडे न पाहता कडुनिंबाकडे पाहिले आणि मुळांनी फरशी उचलली, झाड काढावे लागेल, असा निकाल दिला. कडुनिंब उत्तरेच्या कोपऱ्यात उभा आहे. फरशी उचलली गेली ती पूर्वेला, रस्त्याच्या कडेला, आणि तीही पार दक्षिणेच्या टोकापर्यंत. मुळांनी एवढा वळसा घालावा असे काही कारण मला दिसत नाही.

राहता राहिला माझा मुलगा महेश. तो पुण्याला असतो, सध्या सुटीवर इथे आला आहे; त्या ठेकेदाराला त्यानेच बोलावले होते. त्याचे मत सर्वांत आखूड आहे. “बाबा, तुमच्या त्या शरणप्पाला लेव्हल कळत नव्हती. एवढं साधं आहे.” आखूड मत लवकर पसरते, गल्लीने तेच उचलले. मी मात्र आजही वाटेल त्याला सांगेन की कुठल्याही दोन फरशांच्या सांध्यावरून नख फिरवून बघा. ते अडकत नाही. ज्याला लेव्हल कळत नाही त्याच्या हातून असा सांधा होत नसतो.

तो उन्हाळा मला अजून त्वचेवर आठवतो. हिच्या, म्हणजे माझ्या पत्नीच्या, सुमनच्या, गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि ती वॉकर धरून घरातल्या घरात चालत असे. मातीच्या अंगणात वॉकरचे पाय रुतत. म्हणून ती दारात खुर्ची टाकून बसे आणि मोगऱ्याला कुठून, किती, कसे पाणी घालायचे याच्या सूचना मला करी. त्या सूचनांनी मोगऱ्यापेक्षा मीच अधिक भिजत असे. तिला अंगणात येता यावे, एवढ्यासाठी फरशी घालायचे ठरले.

भल्या सकाळी शहाबादहून आलेल्या फरशा कुंपणाच्या भिंतीला उभ्या टेकवून ठेवल्या गेल्या. त्यांच्यात ढगासारखा राखी रंग होता, मधूनच एखादी निळसर. दहाच्या सुमारास ऊन त्यांच्यावर चढे आणि दुपारी त्या भाकरीच्या तव्यासारख्या तापत. आकाश पांढरे. मास्तरांच्या मागच्या बाजूला एक यंत्रमाग दिवसभर खडखडे, वीज गेली की तो थांबे, आणि त्या अचानक शांततेत कडुनिंबाचा मोहर फरशांवर पडल्याचाही आवाज येईल की काय असे वाटे. गच्चीवर हिने बसल्या जागेवरून शेजारणींकडून घालून घेतलेल्या कुरडया वाळत असत. घरात शेंगांची चटणी कुटल्याचा वास. आणि या सगळ्यावर छिन्नीचा तो सुरेल, एकसारखा ठोका.

शरणप्पा कर्नाटकच्या सीमेलगतच्या दुधनीचा. तेव्हा पन्नाशीचा असेल. उंच, वाळका, खांद्यावर चौकड्यांचा टॉवेल. प्रत्येक फरशी उचलून तो तिला बोटाच्या पेराने वाजवी आणि कान लावून ऐके. मग तिच्यावर ओंजळभर पाणी टाकून पुढच्या फरशीकडे वळे. पाणी वाळू लागले की जिथे चीर असेल तिथे एक ओली रेघ शेवटपर्यंत मागे राही. डोळ्याला न दिसणारी चीर अशी स्वतःच बोलून जाई. त्या फरशा तो बाजूला काढी. “ह्या मागच्या बाजूला घालू. न्हाणीत. तितं वजन न्हाय.” मी सरकारी कामात अनेक तऱ्हेच्या तपासण्या पाहिल्या. इतकी शांत एकही नव्हती.

त्याचे वेळापत्रक नळाच्या पाण्यावर चाले. आमच्याकडे पाणी दिवसाआड येते असे म्हणणे हीसुद्धा अतिशयोक्ती ठरेल. ज्या दिवशी पाण्याची पाळी, त्याच दिवशी सिमेंटचे काम, आणि पिंपे भरून ठेवून पुढचे दिवस ते काम भिजते ठेवायचे. गोणपाट अर्ध्या दिवसात वाळते म्हणून त्याने हिच्याकडे जुन्या चादरी मागितल्या. तिने लोखंडी पेटीतून मोरांच्या नक्षीच्या, विरलेल्या सोलापुरी चादरी काढून दिल्या. जाड सुताने धरलेले पाणी रात्र उलटून सकाळपर्यंत टिके. तिन्हीसांजेला ओल्या सुताचा आणि तापल्या दगडाचा जो वास अंगणभर पसरे, त्याला मला आजतागायत नाव सापडलेले नाही.

दुपारी तो कडुनिंबाखाली बसून कडक भाकरी मोडून खाई. ही दारातून त्याला दही, कैरीची फोड पाठवी. पाठवणारा मी. हिचे माहेर अक्कलकोट तालुक्यातले, त्यामुळे ती आणि शरणप्पा कन्नडमध्ये बोलत. मला कन्नड येत नाही. त्यांच्या बोलण्यात मधूनमधून ‘साहेब’ हा शब्द येई आणि दोघेही हसत. मी ते मनावर घेतले नाही, असे मी त्या वेळी सांगत असे.

मूळ वाद उतारावरून झाला. माझ्याकडे एका निवृत्त सहकाऱ्याने दिलेले दुर्बिणीचे लेव्हल यंत्र होते. मी ते तिपाईवर चढवून अंगणात उभे केले. खरे तर त्याची गरज नव्हती. शरणप्पाकडे पाण्याची पारदर्शक नळी होती आणि ती खोटे बोलत नाही. पण यंत्र पाहायला गल्ली जमली, आणि मलाही ते नको होते असे नाही.

“साहेब, दर फुटाला येक सूत ढाळ धरतो,” शरणप्पा म्हणाला. “आन् सांदं मोकळंच ठिवू. सिमेट नको.”

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी म्हणालो, “एवढा उतार? हिला यावरून चालायचे आहे. घसरगुंडी करायची नाही.”

“अक्का चालतील की. पन ही जमीन काळी हाय. आत्ता वाळून खाली बसलीया. पानी पिली की फुगती. रस्त्याकडची आदी फुगती, घराकडची कोरडी ऱ्हाती. आत्ताची लेवल आखाडात ऱ्हात न्हाय.”

“शरणप्पा, मी आयुष्यभर जमीनच मोजली आहे.”

“व्हय की. आडवी मोजला. उबी कवा मोजला?”

जमलेली माणसे हसली. मास्तर त्या दिवशी हजर होते आणि सर्वांत मोठ्याने तेच हसले. तो अपमान नव्हता, आज ते दिसते. ती शुद्ध वस्तुस्थिती होती. पण ज्याच्या मापावर गावांची भांडणे मिटली त्याला आपल्याच अंगणात, दुर्बिणीशेजारी उभे राहून हे ऐकावे लागले. मी सांगितले की दर फुटाला नाही, चार फुटांना एक सूत, डोळ्याला कळणार नाही असा उतार हवा. आणि सांधे सिमेंटने भरायचे. शरणप्पाने दोन्ही हात टॉवेलला पुसले. “तुमचं घर हाय. करून सोडतो,” म्हणाला, आणि त्याने ते अत्यंत सुंदर करून सोडले.

चादरी काढल्या त्या संध्याकाळी ही वॉकर घेऊन उंबऱ्याबाहेर आली. रबरी पायांचा फरशीवर टप टप असा मऊ आवाज. ती मोगऱ्यापर्यंत गेली, एक पिवळे पान खुडले, परत आली. दमली होती आणि चेहरा उजळला होता. तीन आठवडे ते सोलापुरातले सर्वांत देखणे अंगण होते, आणि याविषयी मी कोणाचेही मत मागवलेले नाही.

मग आषाढ आला. पावसाबद्दल माझी तक्रार नाही, तो वेळेवर आणि मापात पडला. तिसऱ्या दिवशी रस्त्याकडची जमीन पाणी पिऊन वर आली, माझे ते न दिसणारे सूत तिने सहज उलटवले, आणि पाणी अंगणाच्या मध्यावर क्षणभर थबकून घराकडे निघाले. सोप्यात घोट्याइतके साचले. शरणप्पाला निरोप गेला, तो भिजत आला. महेश तेव्हा इथेच होता, दारात मास्तर आणि चार शेजारी होते.

“काय हे, शरणप्पा? उतार उलटा कसा दिलात?” महेशने विचारले.

शरणप्पाने माझ्याकडे पाहिले.  उत्तराला माझे एक वाक्य पुरले असते. मी खाली वाकून सोप्यात ठेवलेल्या माझ्या जुन्या नकाशांच्या गुंडाळ्या उचलत राहिलो. त्या आधीच भिजल्या होत्या. घाई कसलीच नव्हती. मग तो उकिडवा बसला आणि त्याने छिन्नीने उंबऱ्यालगत एक चर काढून पाणी बाजूने वाट करून दिले. तासाभरात सोपा मोकळा झाला. जाताना म्हणाला, “येतो अक्का.” मला नाही म्हणाला.

मास्तरांचा ओटा त्याच दिवाळीपूर्वी व्हायचा होता, पलीकडच्यांची गच्ची होती. ती कामे दुसऱ्यांकडे गेली. गल्लीतून गल्लीत, असे करत गवंड्याचे नाव पसरते आणि तसेच ते पुसलेही जाते. वर्ष-दोन वर्षांनी कळले की तो दुधनीला परत गेला. सहा वर्षे मी मास्तरांची वाळू खोडत होतो आणि आता त्या ठेकेदाराची मुळे. महेशचे मत मात्र ऐकून घेत होतो. बांध सरकवणारी माणसे मी फार पाहिली होती. हा बांध माझ्या सोयीने सरकला होता, आणि मी साखळी टाकली नाही.

या वैशाखात ठेकेदाराचा विषय निघाला तेव्हा ही म्हणाली, “शरणप्पांना बोलवा.”

“आई, पुन्हा तोच?” महेश म्हणाला.

ती त्याच्याशी वाद घालत बसली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, “शेंगा सोलायच्या आहेत,” आणि पुढचे माझ्यावर सोडून आत गेली. मी महेशला सांगितले की मी दोन दिवसांत काय ते बघतो.

दुधनीला मी आणि ही एसटीने गेलो. तिचा गुडघा आता माझ्यापेक्षा बरा आहे. अक्कलकोट मागे पडल्यावर, खिडकीबाहेर नांगरून उघडी पडलेली काळी शेते पाहत ती सहज म्हणाली, “त्यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. पाणी घरात येईल म्हणून.”

“कधी?”

“दही खाताना. कन्नडमध्ये.”

“मग मला का सांगितले नाहीस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही ते एक सूतसुद्धा ठेवलं नसतंत.”

पुढच्या थांब्यापर्यंत मी यावर पुष्कळ विचार केला. खोडण्यासारखे काही सापडले नाही.

शरणप्पा एका अडत दुकानाच्या आवारात फरशी बसवत होता. हवेत तुरीचा भुसा उडत होता. त्याचे केस पांढरे झाले आहेत, पाठ तशीच ताठ. त्याने हात धुतले, आमच्यासाठी पोत्यांवर टॉवेल झटकून अंथरला, चहा मागवला. मी वाटेत जुळवलेले वाक्य बोलून टाकले. उताराचा दोष माझा होता; तुम्ही बजावले होते, मी ऐकले नाही; आणि महेशने विचारले तेव्हा मी गप्प बसलो.

त्याने चहावर फुंकर घातली. “ढाळाचं सोडा साहेब. ती चूक माझी हाय.”

“तुमची कशी? मोजमाप माझे होते.”

“मोजमाप तुमचं, हात माझं. ठाव असून केलो की. गवंडी म्हंजे काय घमेलं हाय व्हय, कुनीबी उचलावं आन् वतावं?”

मी चिडलो. ज्या चुकीची कबुली द्यायला मी एवढ्या उन्हात आलो होतो, तीच हा माणूस माझ्या हातातून काढून घेत होता. मी म्हणालो, निर्णय घराच्या मालकाचा असतो. तो म्हणाला, काम करणाऱ्याचा असतो. मी यंत्राचा दाखला दिला, त्याने काळ्या जमिनीचा दिला. आवाज चढले. दुकानातली माणसे बाहेर येऊन बघू लागली, आणि हिने पदर तोंडाला लावला होता, तो हसू लपवायला. शेवटी शरणप्पाने हात वर केला.

“बरं, ढाळ निम्मा तुमचा, निम्मा माझा. पन गप बसलासा, त्ये तुमचं. त्ये मी घेत न्हाय.”

“ते मी मागतही नाही.”

“आन् हितं सांगून काय उपेग? दुधनीत मला कुनी वाईट म्हनत न्हाय. तुमच्या गल्लीत सांगा.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऊन कलल्यावर, आमच्या फाटकापाशी नेहमीप्रमाणे खुर्च्या पडल्या. मास्तर होते, महेश होता, पलीकडचे दोघे होते. मी उभा राहून सांगितले. काय मागितले, त्याने काय बजावले, मी का ऐकले नाही, आणि पाण्यात उभा असताना मी काय केले.

 मग मास्तर म्हणाले, “पण वाळू...”

“वाळू चांगली होती, मास्तर. मी स्वतः चाळली होती.”

“तुम्ही आता मोठेपणा करायलाय साहेब.”

“मोठेपणा नाही. हद्द कायम करतो आहे.”

दुसऱ्यांची मते खोडणे मला नवे नाही. पण स्वतःला दोषी ठरवून घ्यायला इतके भांडावे लागेल, असे वाटले नव्हते. कोणालाच आपले मत सोडवत नव्हते. पलीकडचे गच्चीवाले म्हणाले, तरी गवंड्याने थोडे लक्ष द्यायला हवे होते. मी त्यांना हाताला धरून अंगणात नेले आणि नख फिरवायला लावले. महेश मागे उभा होता. “बाबा, सहा वर्षं?” त्याने हळू आवाजात विचारले. मी म्हणालो, “सहा वर्षे.” त्याने बाजूला जाऊन ठेकेदाराला फोन केला, येऊ नका म्हणून सांगितले, आणि कडुनिंबाखाली जाऊन थोडा वेळ उभा राहिला. 

त्या वेळी इथे राहणारी निम्मी घरे आता विजापूर रस्त्याला, होटगी रस्त्याला पांगली आहेत आणि शरणप्पाचे बिघडलेले नाव त्यांनी आपापल्या नव्या शेजारात नेले आहे. त्यांच्यापर्यंत माझा आवाज पोहोचत नाही. लेख पोहोचेल, म्हणून लिहिला.

सोमवारी शरणप्पा आला. जुन्याच फरशा, एकही मोडू न देता त्याने पहारीने उचलल्या. सांधे मोकळे राहणार आहेत, त्यांत माती भरायची आणि हिच्या मनात तिथे हरळी लावायची आहे. जमीन फुगली तर फरशा तिच्याबरोबर वर येतील, बसली तर खाली बसतील; एखादी फारच हट्टाला पेटली तर उचलून पुन्हा बसवता येईल. उतार दर फुटाला एक सूत. या अंगणाला दरवर्षी थोडे बघावे लागेल, असे तो म्हणतो. माझ्या हातून आयुष्यभर जी कामे झाली ती कायमची म्हणून झाली. दरवर्षी विचारपूस करावी लागेल अशा कामात काही गोडी असते, हे मला या वयात समजते आहे. छिन्नीचा ठोका पुन्हा सुरू झाला आहे. ही वॉकरशिवाय उंबऱ्यावर उभी राहून कन्नडमध्ये सूचना देते आणि मला बाहेर यायला मनाई आहे. काम घेतानाच त्याने तशी अट घातली. मी सोप्यात, खिडकीशी बसून हे लिहितो.

आज सकाळी भिंतीवरून मास्तरांचा आवाज आला. “शरणप्पा, हे झाल्यावर आमच्या ओट्याकडं बघता का जरा?”

“बघतो की. फकस्त साहेबांना इचारू नका.”

हे शेवटचे वाक्य मला मान्य नाही. खिडकी उघडून तसे सांगायला मी उठलोही होतो. पण तो उतारासाठी दोरी ताणून एक डोळा मिटून बसला होता, आणि त्या वेळी मध्येच बोललेले त्याला चालत नाही.